चेहरा उस्तादाचा, बाकीचं चित्र कुणाचं? अठराव्या शतकातल्या लंडनमधला पोर्ट्रेटचा धंदा

1777 साली लिव्हरपूलच्या डॅनियल डॉल्बी नावाच्या चित्रसंग्राहकाला सर जोशुआ रेनॉल्ड्सकडून पोर्ट्रेटच्या दराची माहिती हवी होती. रेनॉल्ड्स तेव्हा इंग्लंडचा सगळ्यात नावाजलेला व्यक्तिचित्रकार, रॉयल अकादमी या कलाकारांच्या संस्थेचा पहिला अध्यक्ष, राजाकडून 'सर' किताब मिळालेला. त्यानं डॉल्बीला पाठवलेलं उत्तर आजही वाचायला मिळतं आणि ते अगदी रोखठोक आहे. नुसतं डोकं 35 गिनी. गुडघ्यापर्यंत 70. डोक्यापासून पायापर्यंत उभं चित्र 150. साधारण तीन बैठका लागतात, एक बैठक दीड तासाची. गिऱ्हाईकाची इच्छा असेल तर चेहरा एका दिवसातही सुरू करून संपवता येतो. आणि चेहरा एकदा झाला की बाकीचं काम गिऱ्हाइकाला त्रास न देता केलं जातं.

या शेवटच्या वाक्यात त्या काळच्या पोर्ट्रेटचं सगळं अर्थकारण आहे. तीन बैठका म्हणजे साडेचार तास. आठ फूट उंच चित्रासाठी, ज्यात रेशमी झगा आहे, मखमलीचा पडदा आहे, मागं झाडी आणि ढग आहेत, त्यासाठी माणूस चित्रकारापुढं बसणार फक्त साडेचार तास! मग झगा कोण रंगवणार? पडदा कोण रंगवणार? हात कुणाचे?

हे नीट समजून घेतलं तर संग्रहालयातली जुनी तैलचित्रं वेगळ्या नजरेनं पाहता येतात. म्हणून जरा तपशिलात जाऊ.

दर कशाचा?

आधी पैशाचं. एक गिनी म्हणजे 21 शिलिंग, म्हणजे एक पौंड आणि वर एक शिलिंग. त्या काळी लंडनमधल्या साध्या मोलकरणीला राहणं-जेवण सोडून वर्षाला पाच-दहा पौंड मिळत. म्हणजे रेनॉल्ड्सच्या एका पूर्णाकृती चित्राच्या पैशात एका मोलकरणीचा पंधरा वर्षांहून जास्त पगार निघाला असता. तरीही गिऱ्हाइकांची रांग होती. 1758 या एका वर्षात त्याच्याकडं सुमारे 150 जण बसायला आले. 1762 मध्ये त्याचा मित्र, इंग्रजी कोशकार डॉ. जॉन्सननं एका मित्राला पत्रात कळवलं की रेनॉल्ड्स वर्षाला सहा हजार पौंड मिळवतो. दरही चढत गेले. 1750 च्या दशकाच्या मध्याला तो डोक्याचे 12, अर्ध्या चित्राचे 24 आणि पूर्णाकृतीचे 48 गिनी घेत होता. 1764 मध्ये ते 30, 70 आणि 150 झाले, 1782 मध्ये 50, 100 आणि 200. निम्मी रक्कम पहिल्या बैठकीलाच रोख द्यायची, उरलेली चित्र घरी नेताना.

किंमत ठरायची ती कॅनव्हासच्या मापावर. मापंही ठरलेली होती, त्यामुळं रंगवाल्याच्या दुकानात कॅनव्हास ताणून, अस्तर देऊन तयार मिळायचा आणि चौकटवालाही त्याच मापाच्या चौकटी बनवायचा. सगळ्यात लहान 30 बाय 25 इंच, त्यात डोकं आणि खांदे. त्याहून जरा मोठं 36 बाय 28, त्यात एखादा हात बसायचा. मग 50 बाय 40, त्यात गुडघ्यापर्यंतचं शरीर आणि दोन्ही हात. आणि पूर्णाकृतीचं 94 बाय 58.

इथं थोडं गणित करून पाहा. पूर्णाकृती कॅनव्हासचं क्षेत्रफळ लहान कॅनव्हासच्या सातपटीहून जास्त आहे. किंमत मात्र 35 वरून 150, म्हणजे जेमतेम सव्वाचार पट. का? कारण दोन्ही चित्रांत चेहरा एकच असतो, जवळपास तेवढ्याच आकाराचा. महाग तो चेहरा. त्याच्याभोवती जी जागा वाढते ती स्वस्त हातांनी भरली जाते. दरपत्रकावरून कारखान्याची रचना अशी दिसते आणि मला ती कुठल्याही कलासमीक्षेपेक्षा जास्त बोलकी वाटते.

खुर्चीत बसल्यावर

रेनॉल्ड्स 1760 पासून लेस्टर फील्ड्समधल्या मोठ्या घरात राहत होता. तिथली चित्र काढायची खोली अष्टकोनी होती. खिडकी एकच, लहान आणि बरीच उंचावर, तिचा खालचा काठ जमिनीपासून नऊ फुटांवर. उजेड वरून आणि एकाच बाजूनं यावा म्हणून हा सगळा खटाटोप. असा उजेड पडला की नाकाची, हनुवटीखालची, डोळ्यांच्या खोबणीतली सावली ठळक होते आणि सपाट कापडावर चेहरा उभा करायला सावलीच कामी येते. चारी बाजूंनी उजेड असला तर चेहरा पोळीसारखा सपाट दिसतो.

बसणाऱ्याची खुर्ची जमिनीपासून दीड फूट उंच आणि खाली चाकं लावलेली. कारण रेनॉल्ड्स उभा राहून काम करायचा. बसलेल्या माणसाचा चेहरा उभ्या चित्रकाराच्या डोळ्यांच्या रेषेत आला पाहिजे. त्याच्या कुंचल्यांच्या दांड्या सुमारे 19 इंच लांब होत्या. लांब दांडीमुळं कॅनव्हासपासून दूर राहता येतं आणि दूर राहिलं की तपशिलात न अडकता आकार दिसतो. त्याच्यापुढं बसलेल्या लेडी बर्लिंग्टननं सांगून ठेवलं आहे की तो सतत येरझारा घालत असे. कॅनव्हास तिच्या शेजारीच उभा केलेला असायचा. तो काही पावलं मागं जायचा, तिच्याकडं आणि चित्राकडं एकत्र बघायचा आणि मग तीरासारखा येऊन कॅनव्हासवर कुंचला मारायचा. त्या झपाट्यात हा चुकून माझ्याच अंगावर रंग लावील, असं तिला कधी कधी वाटायचं.

1773 च्या ऑगस्टमध्ये ॲबर्डीनचे प्राध्यापक जेम्स बीटी त्याच्यापुढं बसले. त्यांच्या नोंदीप्रमाणं ते पाच तास बसून होते, तरी कंटाळले नाहीत, कारण रेनॉल्ड्सनं त्यांच्यासमोर मोठा आरसा ठेवला होता. आरशात चित्रावर पडणारा एकेक फटकारा त्यांना दिसत होता. ही युक्ती फार हुशारीची आहे. कंटाळलेल्या माणसाचा चेहरा लोंबतो, डोळे विझतात आणि तेच चित्रात उतरतं. आपलंच चित्र घडताना बघणारा माणूस मात्र जागा राहतो. चेहऱ्यावर उत्सुकता टिकवणं हा या कसबाचा भाग होता, आणि चित्रकार गप्पिष्ट असावा लागायचा तोही त्यासाठीच. रेनॉल्ड्स अकरा ते चार लोकांना वेळ देई, साधारण तासाला एक. त्याच्या वह्यांमध्ये रोजची नावं आणि तास लिहिलेले आहेत. त्यातल्या बऱ्याच वह्या रॉयल अकादमीच्या संग्रहात आहेत आणि अभ्यासक त्यांच्यावरूनच कोण कधी बसलं ते ठरवतात.

ही तासाची शिस्त त्याच्याही आधीची. शंभरेक वर्षांपूर्वी, इंग्लंडचा राजा चार्ल्स पहिला याच्या दरबारात असलेला चित्रकार व्हॅन डाइक असंच करायचा. एकाला तासापेक्षा जास्त वेळ नाही. तास भरला की उठून नमस्कार, पुढची तारीख. नोकर कुंचले धुऊन दुसरी रंगधानी आणून देई, तोवर दुसरं गिऱ्हाईक हजर. चेहऱ्याचं काम झालं की पाव तासात तो करड्या कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूनं अंगाची ठेवण आणि कपड्यांची घडी टिपून घेई. तो कागद आणि माणसानं पाठवून दिलेले प्रत्यक्ष कपडे मदतनिसांच्या हाती जात. हातांसाठी तर पगारी स्त्री-पुरुष ठेवलेले होते. म्हणजे व्हॅन डाइकच्या चित्रांतले ते लांबसडक, नाजूक, खानदानी हात बघून आपण त्या उमरावाच्या घराण्याविषयी काही ठरवायला गेलो तर फसू. ते हात बऱ्याचदा भलत्याच कुणाचे असत.

झगे रंगवणारा माणूस

आता मुख्य मुद्द्याकडं. लंडनमध्ये नुसते कपडे रंगवणारे स्वतंत्र चित्रकार होते. तो वेगळा धंदाच होता. त्यातला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे अँटवर्पहून आलेला जोसेफ व्हॅन आकेन. साटीन, मखमल, लेस, सोन्याची जर, त्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. 1730 आणि 1740 च्या दशकांत रेनॉल्ड्सचा गुरू टॉमस हडसन त्याच्याकडं काम पाठवायचा. हडसनचा प्रतिस्पर्धी ॲलन रॅमसेही त्याच्याकडंच पाठवायचा. हे दोघं गिऱ्हाइकांसाठी एकमेकांशी झगडायचे आणि दोघांच्याही चित्रांतले झगे एकाच माणसाचे!

परगावचे चित्रकार तर याहून पुढं गेले. लँकशायरचा हॅम्लेट विन्स्टॅन्ली कापडाच्या लहानशा तुकड्यावर नुसता चेहरा रंगवायचा. मग तो तुकडा मोठ्या कॅनव्हासवर चिकटवून व्हॅन आकेनकडं, आणि तो भोवती अंग आणि कपडे उभे करायचा. तेव्हाचा एक जाणकार नोंद करणारा, जॉर्ज व्हर्च्यू, तक्रार करतो की व्हॅन आकेनमुळं सगळ्यांची चित्रं एका पातळीवर आली, कुणाचं कुठलं ते ओळखणं कठीण झालं. 1749 मध्ये व्हॅन आकेन वारला. त्याच्या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून त्यानं दोघांची नावं घातली होती, हडसन आणि रॅमसे.

याला फसवणूक म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. गिऱ्हाइकांना हे ठाऊक होतं, ते पैसे मोजत होते ते हुबेहूबपणाचे आणि नावाचे. शिवाय कपडा रंगवणं हे खरोखर वेगळं कसब आहे. साटीनवरची चमक कडेला कापल्यासारखी थांबते, मखमलीवर ती उलटी असते, घडीच्या माथ्यावर गडद आणि कडांना उजळ. लोकरीला चमक जवळजवळ नसतेच. हे तिन्ही एकाच चित्रात, एकाच उजेडात पटवून द्यायचं तर वर्षं घालवावी लागतात. त्यासाठी सांधे वाकवता येणारा माणसाएवढा लाकडी पुतळा वापरत. गिऱ्हाइकाचा पोशाख त्याला चढवायचा, घड्या एकदा पाडल्या की आठवडाभर तशाच. जिवंत माणूस श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासाला चुणी बदलते.

माझी तक्रार वेगळी आहे, ती नावांची. पीटर टॉम्स हा माणूस पाहा. तो हडसनचा शिष्य. पुढं रेनॉल्ड्ससाठी कपडे रंगवले, मग फ्रान्सिस कोट्स या दुसऱ्या व्यक्तिचित्रकारासाठी, आणखीही काही जणांसाठी. 1768 मध्ये रॉयल अकादमी स्थापन झाली तेव्हा संस्थापक सभासदांत त्याचं नाव आहे. म्हणजे सोबतच्या चित्रकारांना त्याची योग्यता माहीत होती. त्यानं स्वतंत्र व्यक्तिचित्रकार व्हायचा प्रयत्न केला, ड्यूक ऑफ नॉर्थम्बरलँडबरोबर आयर्लंडला गेला, पण तिथं जम बसला नाही आणि परत येऊन त्यानं पुन्हा दुसऱ्यांचे झगे हाती घेतले. 1770 मध्ये कोट्स वारला, टॉम्सचं मोठं काम गेलं, तो दारूच्या आहारी गेला आणि 1777 च्या सुरुवातीला त्यानं आत्महत्या केली. ज्या साली रेनॉल्ड्सनं डॉल्बीला ते दरपत्रक लिहिलं, तेच हे साल. कित्येक मोठ्या संग्रहालयांत त्याच्या हातचं वस्त्र टांगलेलं असेल आणि खालच्या पाटीवर दुसऱ्याचं नाव.

रेनॉल्ड्सच्या घरी मुलंही होती, शिकाऊ. जेम्स नॉर्थकोट 1771 ते 1776 तिथं राहिला. कुणाचा हात हवा असेल तर त्यानं हात पुढं करून उभं राहायचं, पडदे भरायचे, चित्रांच्या नकला करायच्या. रंग कसे मिसळतात हे मात्र मालकानं कधी उघड केलं नाही, असं त्यानं नंतर लिहिलं. स्वतः रेनॉल्ड्स 1740 मध्ये हडसनकडं शिकायला राहिला तेव्हा शिकवणीची रक्कम ठरली होती 120 पौंड. शिकवणी म्हणजे सवय, नजर आणि ओळखी. गुपितं नाहीत.

आणखी एक सोय सांगतो, ती मला फार मजेशीर वाटते. रेनॉल्ड्सच्या चित्रांवरून मेझोटिंट पद्धतीचे छाप निघत. तांब्याचा पत्रा आधी सगळा खरवडून खडबडीत करायचा, मग उजळ हवा तिथं घासून गुळगुळीत करायचा. त्यातून मखमली काळोख आणि मऊ उजेड छापता येतो, त्यामुळं तैलचित्राची नक्कल त्यात छान उतरते. हे छाप दुकानात विकले जात, चित्रकाराचं नाव गावोगाव पोचत असे. पण त्यांचा दुसराही उपयोग होता. छापांचा गठ्ठा स्टुडिओत ठेवलेला असायचा. नवीन गिऱ्हाईक ते चाळायचं, एखादी ठेवण आवडली तर मला अशीच हवी म्हणायचं, आणि तीच ठेवण, तोच पोशाख पुन्हा रंगवला जायचा. त्यामुळं दोन वेगळ्या घराण्यांतल्या बायका एकाच खांबाला टेकून, एकाच पद्धतीनं पदर सावरत उभ्या दिसल्या तर तो योगायोग नसतो.

राजाच्या चित्रांची तर गिरणीच चालायची. तिसऱ्या जॉर्जचं राज्याभिषेकाच्या पोशाखातलं चित्र रॅमसेनं केलं. ते प्रत्येक राजदूताला, गव्हर्नरला हवं असायचं. राजा-राणीच्या जोड्यांवर जोड्या निघाल्या. 1773 मध्ये रॅमसेच्या हाताला मोठी इजा झाली आणि उरलेल्या सुमारे पन्नास जोड्या त्याचा मदतनीस फिलिप रायनेगल यानं पुऱ्या केल्या. पुढं त्याला व्यक्तिचित्रांचा इतका वीट आला की तो पशुपक्षी आणि निसर्गचित्रांकडं वळला. त्याला दोष कोण देईल?

रंग का उडाले

थोडं रंगांबद्दल. तेव्हा धातूच्या ट्यूब नव्हत्या, त्या 1841 मध्ये जॉन गॉफ रँडच्या पेटंटनंतर आल्या. त्याआधी जवसाच्या तेलात खललेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या लहान पुरचुंडीत बांधून मिळायचा. टाचणीनं भोक पाडायचं, हवा तेवढा पिळायचा, परत भोक बंद करायचं. पांढरा म्हणजे शिशाचा सफेदा, तांबडा म्हणजे हिंगूळ किंवा कोचिनील किड्यांपासून काढलेला कार्माइन. निळ्यासाठी खरा अल्ट्रामरीन फार महाग पडायचा, अफगाणिस्तानातल्या लाजवर्दी दगडाचा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये प्रशियन ब्ल्यू सापडल्यावर निळा रंग सर्वांच्या आवाक्यात आला.

तैलरंगाचा गुण असा की तो हळू सुकतो. म्हणून बैठकांमध्ये दिवस जाऊ द्यायचे. पहिल्या बैठकीत फिकट, थंड रंगांत चेहऱ्याचा पाया घालायचा. रेनॉल्ड्स बऱ्याचदा पांढरा, काळा आणि कार्माइनसारखा तांबडा एवढ्यावरच सुरुवात करायचा, पिवळा नाहीच. पाया सुकला की त्यावर पारदर्शक रंगाचे पातळ थर. उजेड त्या थरांतून आत जातो, पांढऱ्यावर आपटून परत येतो, आणि त्वचेला आतून उजाळा आल्यासारखा दिसतो. याला ग्लेझिंग म्हणतात.

इथंच रेनॉल्ड्सचा घोळ झाला. कार्माइन उजेडात उडतो. गाल आणि ओठ ज्या रंगानं जिवंत होत तोच रंग काही वर्षांत नाहीसा होई आणि खाली राहायचा तो थंड पाया. म्हणून त्याची कित्येक माणसं आज आजारी, पांढरीफटक दिसतात. हिंगूळ वापर, तो टिकाऊ आहे, असं सांगणाऱ्याला त्यानं स्वतःचा हात न्याहाळून उत्तर दिलं की कातडीत मला हिंगूळ कुठं दिसत नाही. नजरेला तो खरा होता, रसायनाला नाही. शिवाय व्हेनिसच्या जुन्या चित्रकारांचं गुपित शोधण्यासाठी तो जुनी चित्रं विकत घेऊन थर खरवडून बघायचा आणि आपल्या चित्रांत मेण, राळ, अंडं, डांबरासारखं बिट्युमेन असं काय काय मिसळायचा. खालचा थर ओला आणि वरचा आधी वाळला की वरचा फाटतो. त्याच्या काही चित्रांवर मगरीच्या कातडीसारख्या भेगा आहेत. त्याच्या हयातीतच लोक बोलत की याची चित्रं माणसाआधी मरतात. तरीही गिऱ्हाईक तुटलं नाही. त्याचा मित्र सर जॉर्ज बोमंटचं म्हणणं असं की रंग उडालेला रेनॉल्ड्सही दुसऱ्या कुणापेक्षा सरस. मी छायाचित्रांत पाहिलेल्या उडालेल्या चेहऱ्यांवरूनही हे पटतं. डोळ्यांची ठेवण, मान वळवण्याची लकब, ती रंगाबरोबर गेली नाही.

रेनॉल्ड्सच्या नेमका उलट माणूस म्हणजे त्याच्याच काळातला व्यक्तिचित्रकार टॉमस गेन्सबरो. 1759 पासून बाथ या हवापालटाच्या गावी, 1774 पासून लंडनला. त्याचा मदतनीस म्हणजे एक भाचा, आणि कपडे तो बहुतेक स्वतःच रंगवायचा, लांबलचक दांड्यांच्या कुंचल्यांनी. जवळून बघितलं तर नुसते फराटे, लांबून बघितलं तर सळसळतं रेशीम. एका मित्राला त्यानं लिहिलं की मला पोर्ट्रेटचा कंटाळा आलाय, वाद्य घेऊन एखाद्या गोड खेड्यात जावं आणि निसर्गचित्रं काढावीत. पण पैसा पोर्ट्रेटमध्ये होता. 1784 मध्ये तीन राजकन्यांचं चित्र अकादमीनं प्रदर्शनात हव्या त्या उंचीवर लावलं नाही म्हणून त्यानं सगळी चित्रं काढून नेली आणि परत तिथं कधी मांडली नाहीत. हा नुसता रुसवा नव्हता. त्याचे फराटे ठराविक अंतरावरूनच चित्र होतात. उंच टांगलं की रेशमाचं रेशीमपण जातं. आणि प्रदर्शन हीच जाहिरात होती.

पुण्याचा दरबार

लंडनमध्ये गर्दी वाढली तसे कमी चालणारे चित्रकार जहाजानं हिंदुस्थानात येऊ लागले. टिली केटल 1769 मध्ये आला, झोफनी 1783 मध्ये. इथले नवाब आणि कंपनीचे साहेब उदारहस्ते कामं देत. वसुली मात्र अवघड. ओझायस हम्फ्रीनं लखनौला नवाब आसफउद्दौलासाठी कामं केली, त्याच्या पैशातला मोठा भाग त्याला मिळालाच नाही.

स्कॉटलंडचा जेम्स वेल्स 1791 मध्ये मुंबईत उतरला. पुण्यात चार्ल्स मॅलेट कंपनीचा रेसिडेंट होता, त्याच्या ओळखीनं वेल्स पेशव्यांच्या दरबारात पोचला. सवाई माधवराव, शेजारी नाना फडणवीस आणि भोवती सेवक, असं त्याचं 1792 चं मोठं तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. सवाई माधवरावांचं वय तेव्हा अठरा. आपल्या पाठ्यपुस्तकांत पेशवाईचे जे चेहरे छापून येतात, त्यांच्यामागं वेल्सच्या या बैठका आहेत. महादजी शिंद्यांचं चित्रही त्यानं केलं. याच मंडळींबरोबर पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट काम करत होता. वेरूळची लेणी, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा अशी त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात, वेल्सच्या कागदपत्रांसोबत आहेत. टॉम्सचं नाव पाटीवर आलं नाही, गंगारामचं निदान कागदांवर टिकलं, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

चेहरा एकाचा आणि बाकीचं दुसऱ्याचं, ही रीत पुढं आपल्याकडंही दिसते. राजा रविवर्म्याबरोबर त्याचा धाकटा भाऊ सी. राजा राजा वर्मा वर्षानुवर्षं काम करत होता, स्वतः चांगला निसर्गचित्रकार, आणि कित्येक चित्रांत मागचा देखावा त्याच्या हातचा.

वेल्स 1795 च्या नोव्हेंबरात साष्टीकडं ताप येऊन वारला, सवाई माधवराव गेल्यानंतर काही आठवड्यांतच. त्याच्याकडं पुण्यात टिपलेल्या चेहऱ्यांचा साठा होता. मॅलेटला 1790 मध्ये टिपूविरुद्ध मराठ्यांशी झालेल्या कराराचं भव्य चित्र हवं होतं. तो इंग्लंडला परतला, त्यानं वेल्सच्या मुलीशी लग्न केलं आणि सासऱ्याची रेखाटनं टॉमस डॅनियलच्या हाती दिली. डॅनियलनं 1805 मध्ये दरबाराचं चित्र पुरं केलं, माणसांनी गच्च भरलेलं, प्रत्येकाचा चेहरा ओळखू येईल असं. ते लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. करार झाला तेव्हा वेल्स हिंदुस्थानात पोचलाही नव्हता आणि डॅनियल पुण्यात नव्हता. म्हणजे पेशव्यांचा दरबार एकानं नंतर येऊन चेहऱ्या-चेहऱ्यानं गोळा केला, आणि दुसऱ्यानं तो हजारो मैलांवर बसून पगड्या, अंगरखे, खांब आणि गालिच्यांसकट उभा केला.